बालचित्र वाचताना चेहरा शेवटी पाहा

इम्प्रेशनिस्ट शैलीतले, म्हणजे मोकळ्या फटकाऱ्यांनी क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शैलीतले, लहान मुलाचे चित्र समोर आले की नजर थेट चेहऱ्याकडे जाते, आणि तिथेच अर्थ लावणे फसते. चित्रकार मेरी कसाट यांचे १८७८ चे ‘निळ्या आरामखुर्चीतली लहान मुलगी’ घेऊन पाहू. मूळ तैलचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि संकेतस्थळावर मोठे करून पाहता येते.

आधी डोळे अर्धवट मिटा. बारकावे पुसट होतात. उरतात निळ्या खुर्च्यांचे भरीव आकार आणि मध्ये करड्या जमिनीचा वेडावाकडा तुकडा. खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या. मुलीच्या वाट्याला कॅनव्हासचा किती थोडा भाग आला आहे, ते बोटाने मोजा. मग कडा तपासा: खुर्च्या आणि खिडक्या चौकटीने मध्येच कापल्या आहेत. जपानी छापचित्रांतून त्या काळच्या पॅरिसने उचललेली ही युक्ती आहे, मांडणीतली चूक नव्हे.

आता अंगस्थिती. एक हात डोक्यामागे, गुडघे फाकलेले, पाठ ढिली. पण कमरेचा चौकड्यांचा पट्टा आणि मोजे बघा, नटवणारे हात मोठ्यांचे आहेत. पसरून बसणे मात्र तिचे स्वतःचे. माझ्या मते चित्राचा गाभा या विसंगतीत आहे. शेजारच्या खुर्चीत कुत्रे निवांत झोपले आहे, त्याला कोणी नटवलेले नाही!

चेहरा आत्ता पाहा. नजर खाली, बाजूला. ‘कंटाळली आहे’ म्हणायला शरीराचा आधार मिळतो. ‘एकाकी आहे’ म्हणायला मिळत नाही.

मग जवळ जा. खुर्चीच्या कापडावर फटकारे मोकळे, चेहऱ्यावर रंग त्यामानाने एकजीव. मूळ चित्र ८९.५ × १२९.८ सेंटिमीटरचे, मोबाइलवर फटकारे मिसळून जातात आणि पडद्यागणिक निळाही बदलतो, म्हणून नेमक्या छटेवर निष्कर्ष उभारू नका.

माहितीफलक सर्वांत शेवटी. मुलगी कसाट यांचे समकालीन चित्रकार एदगार दगा यांच्या स्नेह्यांची होती, आणि पार्श्वभूमीवर दगा यांनीही काम केल्याचे कसाट यांनी १९०३ च्या पत्रात लिहिले आहे. तेव्हा मागच्या खोलीचे सगळे श्रेय एकट्या त्यांना देऊ नका.

चित्राविषयीचे तुमचे मत एका वाक्यात लिहून झाल्यावर त्याच संग्रहालयातले चित्रकार रन्वारचे १८७६ चे ‘झारी घेतलेली मुलगी’ शेजारी ठेवा. तिथली मुलगी बागेत नीट उभी आहे. तुमचे वाक्य तिलाही लागू पडत असेल, तर पुन्हा खुर्चीपासून सुरुवात करा.