काडेपेटीविना विस्तव: रविवारी निघण्याआधीची तयारी

रविवारी आपण मुलांसह काडेपेटीविना विस्तव पेटवून बघणार आहोत, त्याच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं. दोन भरलेल्या बादल्या, घमेलंभर माती, एक फावडं आणि भिजवलेलं गोणपाट. हे जागेवर मांडून झाल्याशिवाय मी कोणाच्या हातात गारगोटी किंवा भिंग देणार नाही. मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण मोठी माणसं उत्साहात विसरतात आणि मुलंच विचारतात, "मावशी, पाणी कुठंय?" त्यांनी विचारायलाच हवं.

जागा ठरली आहे: पुण्याच्या चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत पौडच्या पुढे, माझ्या मावसभावाचं भाताचं खाचर. कोथरूडहून एवढ्या लांब कशाला, वेताळ टेकडी दाराशी आहे की, असं दोघातिघांनी विचारलं. टेकडीवर नाही. तळजाईवर नाही, हनुमान टेकडीवर नाही, कुठल्या गडाच्या माचीवरही नाही. डिसेंबर उलटला की आपल्या टेकड्यांवरचं गवत कागदासारखं वाळतं आणि एक ठिणगी उतारावरून धावत सुटते. त्यात लावलेली रोपं जातात आणि गवतात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. शिवाय राखीव जंगलात विस्तव पेटवणं किंवा नेणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. वणवा दिसला तर कळवण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा नंबर प्रत्येकाने फोनमध्ये आजच टाकून घ्या. अग्निशमन दलाचा १०१ पाठ असेलच.

खाचर निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. तिकडचे, म्हणजे मुळशीतले शेतकरी पावसाआधी राब भाजतात. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून वर मातीचा थर देतात आणि मग पेटवतात. कडेची जागा आधी साफ करायची, वारा पडलेला असताना पेटवायचं, संपेपर्यंत कोणीतरी उभं राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आपण त्याच भाजलेल्या तुकड्यावर बसणार आहोत आणि भावाच्या नजरेखाली बसणार आहोत. तरीही चहूबाजूंनी तीन-तीन मीटर जागा मातीपर्यंत खरवडून घ्यायची. भाताची धसकटं दिसायला निरुपद्रवी असतात, पण वाऱ्यावर भराभरा पेटत जातात. म्हणून पुण्यातून पहाटे सहाला निघायचं आणि दुपारचा वारा सुटायच्या आत मोठा विस्तव विझवलेला असेल, असा बेत आहे.

आता खरी तयारी. ती या आठवड्यात घरी करायची आहे. ठिणगी पाडणं अवघड वाटतं म्हणून सगळे ठिणगीच्याच मागे लागतात, आणि ती पडते तेव्हा तिला धरायला काही तयार नसतं. तीन थर लागतात. पहिला थर इतका बारीक की फुंकरीने उडावा. किराणा दुकानातली तागाची सुतळी आणा, हातभर तुकडा कापून पूर्ण पिंजा, केसांसारखे तंतू सुटले पाहिजेत. विकत घेताना एक धागा जाळून बघा: राख झाली तर ताग, गोळी होऊन चिकटली तर प्लास्टिक, आणि ते परत करायचं. नारळाची शेंडी सगळ्यांच्या घरी निघते. ती आठवडाभर उन्हात ठेवा आणि तळहातांत चोळून तिचं पक्ष्याच्या घरट्यासारखं वाटोळं करा, मध्ये अंगठ्याने खळगा करा. सावरीचा कापूस माझ्याकडे गेल्या वैशाखातला आहे. तो भपकन जळतो आणि क्षणात संपतो, त्यामुळे घरट्याच्या खळग्यात चिमूटभरच घालायचा.

दुसरा थर काड्यांचा, काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीचा. त्यासाठी जुना खराटा मोडा, नारळाच्या हिरांसारखं दुसरं काही नाही. तिसरा थर पेन्सिलीएवढ्या आणि मग अंगठ्याएवढ्या फांद्यांचा. जमिनीवर पडलेली फांदी दव पिते, झाडावरच वाळलेली घ्या. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. वाकून राहिली तर ती पुढच्या वर्षीची. प्रत्येक थराची जुडी मनगटाएवढी हवी, आणि तुम्हाला पुरेशी वाटेल त्याच्या दुप्पट आणा. कण्हेरीची फांदी चुकूनही आणू नका, तिचा धूरसुद्धा विषारी. बिब्बा तर हातातही धरू नये. प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेली लाकडं नकोत. चार गोवऱ्या मी आणते.

हे सगळं झाकणाच्या डब्यात भरा. पुण्याची हवा माघ-फाल्गुनात इतकी कोरडी असते की हा नियम अनावश्यक वाटतो, पण मी तो आषाढात शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी घाटमाथ्यावर पावसात अडकलो. तीन काडेपेट्या आणि एक लायटर होता. काड्यांचे गुल पाघळले, लायटरचं चाक घसरत राहिलं, आणि एक मैत्रीण थंडीने अशी कापत होती की तिला धड बोलता येईना. खालच्या वाडीतल्या एका आजींनी खापरात राख घालून, त्यावर गोवरीचा पेटता तुकडा ठेवून, वर इरल्याचा आडोसा धरून विस्तव आणून दिला. काडेपेटी महाग होती तेव्हा असाच विस्तव घरोघरी मागून आणत. दोन घरांचं अगदीच बिनसलं की त्यांच्यात विस्तवही जात नाही असं आपण म्हणतो, ते म्हणूनच. त्या रात्रीपासून माझ्या पाठपिशवीत कोरड्या शेंडीचा डबा असतो.

पद्धतींपैकी चकमकीसाठी, म्हणजे दगड-पोलादाच्या ठिणगीसाठी, सगळ्यात आधी जळका कपडा करून ठेवावा लागतो. जुनं धोतर, पंचा, मलमल, काहीही चालेल, फक्त शुद्ध सुती हवं. दोन बोटं रुंदीचे तुकडे करा, बामच्या किंवा बिस्किटांच्या पत्र्याच्या डबीत सैल भरा, झाकणाला खिळ्याने एकच बारीक भोक पाडा आणि डबी उघड्यावर शेगडीच्या निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून धूर येत राहील. तो थांबला की डबी उतरवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवा लागून आतलं सगळं धुमसून राख होईल. चांगला उतरलेला तुकडा काळाभोर असतो, मऊ असतो, पण बोटांत लगेच भुगा होत नाही. तपकिरी राहिला तर परत भाजा.

चकमकीचं पोलाद म्हणून जुनी कानस उत्तम. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सहज मिळते. स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलच्या चमच्याने ठिणगी मिळणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. दगड इथलेच. आपला दख्खनचा काळा पाषाण स्वतः कामाचा नाही, पण त्याच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी आणि अकीकाच्या जातीचे दगड ओढ्यांतून, मुरमातून सापडतात. पुण्याच्या आसपासच्या खाणींत जे पांढरे, सुंदर स्फटिक निघतात ते बहुतेक झिओलाइट. ते मऊ असतात, त्यांना जपा, आपटू नका. दगड काचेवर ओरखडा काढतो का ते बघा आणि कडा धारदार ठेवा. ठिणगी दगडाची नसते. दगड पोलादाचा सूक्ष्म कण तासून काढतो आणि तो कण हवेत पेटतो. म्हणून दगड स्थिर धरायचा, जळका कपडा त्याच्या कडेवर अंगठ्याखाली दाबायचा आणि कानस वरून खाली निसटती मारायची. दगडाचे कपचे डोळ्यांत उडतात, तेव्हा प्रत्येकाने चष्मा किंवा गॉगल आणायचाच. मुलांचे छोटे गॉगल पोहण्याचे असतील तेही चालतील.

लाकडावर लाकूड घासण्याचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे आणि त्यावर आपण निम्मी सकाळ घालवणार आहोत. यज्ञात आजही अग्निमंथन होतं. त्यासाठी घासायची लाकडं, म्हणजे अरणी, शमीवर उगवलेल्या पिंपळाची करण्याची परंपरा आहे. वरून एक जण दाबून धरतो, दुसरा दोरी ओढून रवी घुसळावी तसं लाकूड फिरवतो. आपण दोरीला धनुकलीची जोड देऊ, म्हणजे एकट्याला जमेल. लागतं ते असं: अंगठ्याच्या जाडीची, वीतभर लांब, सरळ आणि वाळलेली काठी, बोटभर जाडीची सपाट फळी, हातभर लांबीची किंचित वाकलेली फांदी, आणि मजबूत दोरी. सुती नाडा पाच मिनिटांत तुटतो, नायलॉनची दोरी आणा. काठी आणि फळी दोन्ही हलक्या लाकडाच्या हव्यात. नखाने दाबल्यावर खूण उमटली तर लाकूड बरोबर. पांगारा मला नेहमी साथ देतो. सावरही चांगली, काडेपेटीच्या काड्या तिच्याही लाकडाच्या करतात. बाभूळ, साग यांच्या नादी लागू नका. काठीच्या डोक्यावर धरायला करवंटीचा तुकडा घ्या, आतल्या बाजूला साबण चोळा, म्हणजे वर घर्षण होणार नाही आणि सगळी उष्णता खाली होईल.

फळीवर आधी खळगा जाळून घ्यायचा, मग कडेपासून त्याच्या मध्यापर्यंत पोहोचेल न पोहोचेल अशी खाच कापायची, पोळीचा आठवा भाग असावा तेवढी. ही खाच घरूनच कापून आणा, कारण चाकू मुलांच्या गर्दीत चालवायचा नाही. डावा पाय फळीवर, उजवा गुडघा जमिनीवर, डावं मनगट नडगीला घट्ट टेकलेलं. हात हलला की काठी उडते. सुरुवातीला सावकाश, लांब फेऱ्या. धूर दिसला की बहुतेक जण आनंदाने थांबतात आणि तिथेच घात होतो. तेव्हाच जोर वाढवायचा. खाचेत पडणारा भुगा बघा: फिकट आणि लोकरीसारखा असेल तर दाब कमी पडतोय, काळपट आणि बारीक असेल तर बरोबर चाललंय. थांबल्यावरही त्या ढिगातून धूर येत राहिला तर निखारा जन्मला. मग घाई नाही. हाताने हलका वारा घाला, तो स्वतः लाल होऊ द्या, पानावर घेऊन घरट्यात ठेवा, घरटं अलगद मिटा, तोंडासमोर किंचित उंच धरा आणि लांब, संथ फुंकर घाला. पहिल्या दिवशी कोणालाच जमलं नाही तरी मला वाईट वाटणार नाही. तळहातांना फोड येतील एवढं मात्र कोणी करू नका.

भिंगासाठी फार काही नको. तीन इंची भिंग, जळक्या कपड्याचा तुकडा किंवा गोवरीचा चुरा, आणि दहानंतरचं ऊन. प्रकाशाचा ठिपका लहानात लहान करा आणि हात स्थिर ठेवा. त्या ठिपक्याकडे टक लावून बघायचं नाही, भिंगातून सूर्याकडे तर मुळीच नाही. काम झालं की भिंग कापडात गुंडाळून डब्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या भिंगाने सीट जळू शकते.

फेरो रॉड, म्हणजे पट्टीने खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, दोन आहेत, मी आणते. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये काढलेला हा मिश्रधातू, लायटरच्या चाकाखालचा खडा त्याचाच. ठिणगी सुमारे ३००० अंशांची, त्यामुळे तागाचा पिंजलेला पुंजका लगेच पेटतो. नव्या रॉडवरचा काळा लेप आधी खरवडायचा, आणि पट्टी पुढे न ढकलता रॉड मागे ओढायचा, नाहीतर हाताच्या धक्क्याने घरटं उधळतं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि पॉलिशवाल्यांचं बारीक स्टील वूल हा प्रयोग फक्त मोठ्यांनी दाखवायचा. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांत आणा, एकाच खिशात गेल्या तर खिसाच पेटेल. मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी या कामाला कधीही वापरायची नाही; तिचा स्फोट होऊ शकतो.

कपडे सुती आणि अंगाबरोबर. नायलॉनचं जॅकेट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं, ते गाडीतच राहू द्या. ओढण्या कमरेला खोचा, केस बांधा, पायात बंद बूट. कोणाला दमा असेल तर मला आदल्या दिवशी सांगा, त्यांची जागा वारा येतो त्या बाजूला करू. भाजलंच तर अंगठी, बांगडी लगेच काढायची आणि वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. त्यासाठी वीस लिटरचा एक नळाचा कॅन वेगळा ठेवला आहे, त्यातलं पाणी चहाला घ्यायचं नाही.

विझवण्याचं काम साडेअकराला सुरू. आधी लाकडं पसरवायची, मग पाणी, मग काठीने ढवळायचं, परत पाणी. नुसती माती टाकून निघायचं नाही, मातीखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो. जुन्या बायका तो मुद्दाम तसाच राखेत जपायच्या. गोवऱ्या फोडून आतून भिजवायच्या. शेवटी मी उलटा हात राखेवर धरणार, मग राखेत घालणार, आणि माझ्यानंतर प्रत्येक मूल तसंच करणार. सगळ्यांच्या हाताला गार लागली की बादल्या गाडीत.