पहिल्या सॉकेटला जुनी, बाकीच्यांना नवी

गिटार अँपसाठी जुन्या काळी बनलेल्या (काचेच्या व्हॅक्यूम) ट्यूबांचा अख्खा संच मागवायला कुणी निघालं, की मी आधी एकच विचारतो: तुम्ही वाजवता कोणत्या चॅनलवर? डिलक्स रिव्हर्बच्या जातीच्या फेंडरमध्ये व्ही१, म्हणजे पहिली ट्यूब, फक्त नॉर्मल चॅनलची असते. व्हायब्रेटो चॅनलला गिटार लावणाऱ्याने तिथे महागडी, जुनी ब्रिटिश मलार्ड बसवली काय, साधी बसवली काय, कानाला फरक शून्य. त्याच्यासाठी पहिली ट्यूब म्हणजे व्ही२. (व्ही१ सरळ काढून ठेवली तर मात्र व्ही२चा जोर थोडा वाढतो, कारण अशा एका काचेत ट्यूबचे दोन अर्धे भाग असतात आणि दोघींच्या दुसऱ्या अर्ध्यांचा कॅथोड रेझिस्टर एकच असतो. फुकटातली गंमत आहे, करून बघा.)

पैसे टाकायचे ते याच एका जागी. पहिल्या ट्यूबमधली सळसळ, खरखर आणि तिचा गोडवासुद्धा पुढची प्रत्येक पायरी मोठा करत जाते. चौथ्या-पाचव्या सॉकेटमधल्या ट्यूबच्या आवाजाला पुढे मोठं करायला फारसं कुणी उरलेलंच नसतं. म्हणून माझा हिशोब सोपा आहे: जुनी एक, पहिल्या जागी, बाकी सगळीकडे आजच्या उत्पादनातल्या.

१२एएक्स७, ईसीसी८३ आणि ७०२५ ही एकाच ट्यूबची नावं. पहिलं अमेरिकन, दुसरं युरोपीय, तिसरं कमी सळसळीच्या निवडीचं. तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल मोठा करण्याच्या ताकदीचा आकडा, १००. ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा पंचेचाळीसच्या आसपास आणि १२एयू७चा विसाच्या घरात. पाचही त्याच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात. अँप दोनवर ठेवला तरी भिंती हलत असतील, तर जुनी १२एएक्स७ शोधण्याआधी पहिल्या जागी ५७५१ लावून बघा. व्हॉल्यूमचा एकदम चढणारा झटका निवळतो आणि सूर मोकळा होतो. फेंडरच्या ट्वीड बासमनमध्ये पहिल्या जागी मुळातच १२एवाय७ होती, त्यामुळे गेन कमी करणं म्हणजे अँपचा अपमान वगैरे काही नाही. १२एटी७ तिथे मला आवडत नाही. ती जास्त करंटवर चालायला बनवलेली आहे, १२एएक्स७च्या सर्किटमध्ये सुकलेली वाटते.

फेज इन्व्हर्टरसाठी (पॉवर ट्यूबांना उलटसुलट दोन सिग्नल देणारी जागा) ‘मॅच्ड’, म्हणजे दोन्ही अर्धे सारखे असलेल्या, ट्यूबचे जादा पैसे मागतात, ते देऊ नका. फेंडर-मार्शलच्या नेहमीच्या इन्व्हर्टरमध्ये दोन प्लेट रेझिस्टर ८२ के आणि १०० के असे मुद्दामच वेगळे असतात. सर्किटच समसमान नाही, तर ट्यूबचे दोन अर्धे भाग तंतोतंत जुळवून काय साधणार?

कॅथोड फॉलोअरची, म्हणजे सिग्नल कॅथोडवरून पुढे देणाऱ्या पायरीची, जागा मात्र खरोखर नाजूक. बासमन आणि मार्शलच्या जेटीएम४५मध्ये ती व्ही२च्या एका अर्ध्यात असते, टोन कंट्रोलच्या आधी. तिथे कॅथोड दीडशे व्होल्टच्या वर बसलेला असतो आणि हीटर, म्हणजे त्याला तापवणारी तार, जवळजवळ शून्यावर. ईसीसी८३ला या दोघांमध्ये १८० व्होल्टपर्यंतच फरक चालतो. आजच्या काही ट्यूबांचा हीटर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. गुणगुण कमी करायला तो उत्तम, पण या जागी अशा ट्यूबा अकाली जातात. सोव्हटेकची १२एएक्स७एलपीएस त्यातलीच. पहिल्या जागी ती छान आहे, इथे नको. इथे साधी, आखूड प्लेटची (आतला धातूचा पत्रा), दणकट ट्यूब लावा. मी जेजेची ईसीसी८३एस लावतो.

आता नव्या ट्यूबांच्या नावांबद्दल. आज दुकानात मलार्ड, टंग-सोल, जेनलेक्स गोल्ड लायन अशा डब्या दिसतात, पण जुन्या कंपन्यांशी त्यांचं नातं नावापुरतं. ही नावं इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि सोव्हटेकवाल्या न्यू सेन्सर कंपनीकडे आहेत आणि ट्यूबा रशियातल्या साराटोव्हच्या कारखान्यात बनतात. जेजे स्लोव्हाकियातली. त्या वाईट आहेत असं मुळीच नाही. नवी टंग-सोल १२एएक्स७ मला मनापासून आवडते, फक्त ती जुन्या टंग-सोलसारखी वाजेल या भरवशावर घेऊ नका.

जुनी घेताना छापलेलं नाव शेवटी वाचा, काच आधी. छपाई बोटानेही पुसली जाते आणि नवी छापणं त्याहून सोपं. शिवाय पूर्वीही कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने विकत. मलार्ड, अँपरेक्स, व्हॅल्व्हो या तिन्ही फिलिप्सच्याच घरातल्या, त्यामुळे अँपरेक्सच्या डबीत ब्लॅकबर्नची (मलार्डच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातली) ट्यूब निघाली तर ती खोटी नव्हे. टेलिफंकनसाठी ट्यूब उलटी धरा: पिनांच्या मधोमध काचेतच चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा उभा आकार, उमटलेला हवा. छपाई टेलिफंकनची आणि चौकट नाही, तर ती दुसऱ्या कुणी बनवलेली. टेलिफंकनचा भाव द्यायचा नाही.

मलार्डसाठी टॉर्च तिरका धरून काचेच्या खालच्या कडेला बघा. राखाडी, खरवडल्यासारखी दोन ओळींची बारीक अक्षरं असतात. वरच्या ओळीत आय६१ किंवा आय६३ असं काही, तो ट्यूबचा प्रकार. खाली समजा बी५सी२ आहे: बी म्हणजे ब्लॅकबर्न, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, सी म्हणजे मार्च, २ म्हणजे दुसरा आठवडा. दशक कोणतं ते आकडा सांगत नाही, ते आतल्या प्लेटच्या घडणीवरून ओळखायचं. स्पिरिटने काच चकचकीत करण्याचा मोह आवरा, नाहीतर ओळख पुसली जाईल.

माथ्यावरचा चंदेरी मुलामा म्हणजे गेटर. तो पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली, ट्यूब गेली. चंदेरी असला तरी ट्यूब नवीकोरी आहे असं त्यावरून ठरत नाही. विकणाऱ्याकडे मोजमाप मागा आणि ते कोणत्या व्होल्टेजवर घेतलं तेही विचारा. २५० व्होल्टला, ग्रिड (सिग्नल येतो ती जाळी) उणे २ वर असताना, ठणठणीत १२एएक्स७चा प्रत्येक अर्धा १.२ मिलिअँपच्या आसपास करंट देतो आणि ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडवरच्या बदलाने करंट किती हलतो तो आकडा) १६०० मायक्रोम्होच्या जवळ असतो. नुसतं ‘टेस्टेड, स्ट्राँग’ एवढंच लिहिलं असेल तर तो कोरा कागद समजा.

पण टेस्टर दोन गोष्टी सांगत नाही: सळसळ आणि मायक्रोफोनिक दोष, म्हणजे हादरा बसला की ट्यूबने स्वतःच आवाज करणं. त्या तुमच्याच अँपमध्ये कळतात. अँप बंद करून ट्यूबा निवू द्या, ट्यूबवरचं झाकण काढा, ट्यूब हलकेच गोल डोलवत वर ओढा. नवी बसवताना पिना सरळ आहेत का बघा, जोर लावू नका. प्रीअँप ट्यूब बदलताना बायस लावावा (करंट पुन्हा जुळवावा) लागत नाही. मग अँप सुरू करून, तापल्यावर, व्हॉल्यूम वाजवता तेवढा ठेवा आणि पेन्सिलच्या रबराच्या टोकाने ट्यूबवर टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टक’ आलं तर चालेल. पहिल्या जागी ते येतंच. टिचकीनंतर ‘टिंऽऽग’ रेंगाळलं किंवा शिट्टी चढत गेली, तर ती ट्यूब तिथे नको. स्पीकर त्याच पेटीत असलेल्या काँबोमध्ये हे जास्त छळतं, आणि लांब प्लेटच्या ट्यूबा त्यात आघाडीवर. काँबोवाल्यांनी आखूड प्लेटच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. अशी ट्यूब फेकू मात्र नका, फेज इन्व्हर्टरच्या जागी ती बहुधा गप्प राहते.

दोन ट्यूबांची तुलना आठवणीवर करू नका. ट्यूब बदलून तापेपर्यंत आधीचा सूर कानातून गेलेला असतो. लूपरमध्ये एक तुकडा भरा, तोच दोन्हींतून वाजवा, आणि व्हॉल्यूम कानाला सारखा लागेल असा लावून घ्या, कारण जरा मोठं वाजणारी ट्यूब नेहमीच सरस वाटते. हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत उरका. जुन्या मालावर सहसा थोडेच दिवस मिळतात, तेव्हा खरेदीआधीच ‘मायक्रोफोनिक निघाली तर परत घ्याल का’ हे लेखी विचारून ठेवा.