पाण्यातला व्यायाम: टँकमध्ये उतरल्यावर या चुका टाळा

गोदेला पूर आला की नाशिककरांचा पहिला प्रश्न ठरलेला: पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला, त्यावरून पुढचा सगळा अंदाज. पोहण्याच्या टँकमध्ये व्यायामाला उतरताना हीच पट्टी स्वतःच्या अंगाला लावायची असते, आणि नेमकी तीच कुणी लावत नाही. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टर 'पाण्यात चाला' म्हणतात, माणूस बॅच लावतो, आणि महिन्याभराने 'काही फरक नाही' किंवा 'आता खांदाच धरलाय' अशी तक्रार घेऊन बसतो. दोष पाण्याचा नसतो. जमिनीवरचा हिशेब जसाच्या तसा पाण्यात नेलेला असतो.

खोली चुकली की सगळं चुकतं

पाणी बेंबीच्या आसपास असेल तर पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असेल तर जेमतेम एक तृतीयांश, आणि गळ्यापर्यंत असेल तर दहावा हिस्सा. म्हणजे ७० किलोचा माणूस बेंबीइतक्या पाण्यात ३५ किलोचा, छातीइतक्या पाण्यात २३-२४ किलोचा आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात सातेक किलोचा होतो. चरबी जास्त असेल तर आणखी थोडा हलका.

आता एक जोडपं घ्या. त्याची उंची १७५ सेंमी, तिची १५०. दोघं शेजारी शेजारी साडेतीन फूट पाण्यात, म्हणजे सुमारे १०७ सेंमीमध्ये चालताहेत. त्याला ते पाणी बेंबीपर्यंत आहे, तिला छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत. जागा एक, वेळ एक, पण त्याच्या गुडघ्यांवर निम्मं वजन आणि तिच्यावर एक तृतीयांश. त्याचेच गुडघे जास्त दुखत असतील तर त्याने आणखी अर्धा फूट खोल जायला हवं. त्र्यंबक रोडचा सावरकर जलतरण तलाव असो, नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ असो की सोसायटीतला छोटा टँक, काठावर खोलीचे आकडे लिहिलेले असतात. ते स्वतःच्या अंगाशी ताडून बघा. सुरुवातीला, विशेषतः गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर, छातीच्या हाडाच्या टोकापर्यंतचं पाणी धरा. महिन्या-दीड महिन्याने हळूहळू बेंबीकडे या, म्हणजे पायांना वजन उचलायची सवय परत लागते.

उलट चूकही होते. 'जितकं खोल तितकं बरं' म्हणून लोक गळ्यापर्यंत जातात. तिथे टाच टेकत नाही, माणूस चवड्यांवर तरंगत चालतो, पोटरीत गोळा येतो आणि तोल सांभाळताना कंबर मागे वाकते. टाच आधी, मग तळवा, मग बोटं असं पाऊल पडत नसेल तर एक पाऊल उथळ बाजूला या.

तळाचा उतार हे कंबरदुखीचं छुपं कारण. एका जागी उभं राहून व्यायाम करताना उताराला आडवं उभं राहिलात, तर एक पाय कायम खाली आणि कंबर तिरकी. तोंड खोल बाजूला किंवा उथळ बाजूला करून उभे राहा. रुंदीत चालत असाल तर दर फेरीला पूर्ण वळून परत या, म्हणजे खालचा पाय आपोआप बदलतो.

पाणी ढकललं तरच व्यायाम होतो

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: हात दुप्पट वेगाने फिरवला तर विरोध चौपट. एका वाक्यातला हा नियम दोन अगदी वेगळ्या तक्रारींचं मूळ आहे.

पहिली तक्रार, फरक पडत नाही. कारण गप्पा मारत, पाण्याच्या लयीत रमत-गमत चालणं. त्या वेगाला विरोध नगण्य असतो. चाचणी सोपी आहे: चालताना छातीसमोर पाण्याची लाट उठली पाहिजे. आणि फक्त पुढे चालू नका. मागे चाललात की मांडीचा मागचा भाग, नितंब आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात. आडवं चाललात की कमरेच्या बाजूचे.

दुसरी तक्रार, खांदा दुखतो. पहिल्याच दिवशी पंजा सपाट करून जोरजोरात हात मारले की चौपट विरोध थेट खांद्यावर येतो. क्रम असा ठेवा: पहिला आठवडा पंजा उभा धरून, सुरीने कापल्यासारखा, दुसरा आठवडा मूठ वळून, आणि त्यानंतर सपाट पंजा. आधी वेग वाढवा, मग पंजा उघडा. दोन्ही एकदम नको. शिवाय खांदे पाण्याखाली हवेत. उथळ पाण्यात हात अर्धे बाहेर, अर्धे आत असे फिरवले की दर वेळी पृष्ठभागाशी झटका बसतो. गुडघे थोडे वाकवून खांद्यापर्यंत खाली बसा.

फोमच्या डंबेल्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या हमखास उलट्या वापरल्या जातात. लोखंडी डंबेल खाली ओढते, म्हणून ती उचलताना दंडाच्या पुढच्या स्नायूला काम. फोमची डंबेल वर उसळते, म्हणून काम आहे ते खाली ढकलताना, आणि ते दंडाच्या मागच्या स्नायूचं. जिमच्या सवयीने लोक ती 'उचलतात', म्हणजे प्रत्यक्षात नुसती सोडून देतात. ती फटकन वर येते आणि खांद्याला हिसका बसतो. दोन मोजत खाली ढकला, तीन मोजत वर येऊ द्या. कोपर थोडं वाकलेलं. दहा वेळा झालं की डंबेल काठावर ठेवा. आधारासाठी ती धरून दहा-पंधरा मिनिटं तरंगत राहणं खांद्याला घातक आहे. तरंगायचंच असेल तर कमरेला पट्टा बांधा.

आणखी एक फसगत. पाण्यात स्नायू ताणले जाऊन भार पेलतात असा प्रकार फार कमी होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंग फारसं दुखत नाही. दुखलं नाही म्हणजे कमी झालं, असं समजून लोक वेळ दुप्पट करतात. सांध्याची कसोटी वेगळी आहे: टँकमधून बाहेर आल्यावर दोन तासांनी गुडघा उतरण्याआधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या खेपेला वेळ एक तृतीयांश कमी करा.

पहिल्या दोन आठवड्यांना आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं पुरतात. ५ मिनिटं पुढे चालणं, ३ मिनिटं मागे, दोन्ही बाजूंना आडवं २-२ मिनिटं. मग काठ धरून ५ मिनिटं पाय कमरेतून पुढे-मागे आणि बाजूला, प्रत्येकी दहा वेळा. शेवटी ३ मिनिटं अगदी हळू चालणं. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ४५ वर थांबा.

नाडी जमिनीच्या मापाने मोजणं

पाण्याचा दाब प्रत्येक सेंटिमीटर खोलीला सुमारे ०.७४ मिमी पारा इतका वाढतो. १२० सेंमी पाण्यात घोट्यापाशी तो ८८-८९ होतो, म्हणजे बहुतेकांच्या खालच्या रक्तदाबापेक्षाही जास्त. पायांची सूज पाण्यात उतरते ती यामुळे. पायांतलं आणि पोटातलं रक्त वर सरकतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिल्यावर सुमारे ७०० मिली जास्तीचं रक्त छातीच्या भागात येतं. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं, म्हणून तेवढ्याच श्रमाला नाडी कमी पडते.

इथे चूक होते. घड्याळावर १२० दिसायला हवेत आणि दिसताहेत १०५, म्हणून माणूस आणखी जोर करतो आणि धापा टाकतो. स्वतःची वजावट काढून ठेवा: काठावर तीन मिनिटं शांत उभे राहून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा, मग छातीइतक्या पाण्यात तीन मिनिटं शांत उभे राहून पुन्हा मोजा. जो फरक येईल, बहुधा १० ते १५, तो जमिनीवरच्या लक्ष्यातून वजा करा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला २२० वजा ५५ म्हणजे १६५. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे ९९ ते ११५. वजावट १२ असेल तर पाण्यात ८७ ते १०३ पुरे. मनगटावरच्या घड्याळाचा सेन्सर पाण्यात गडबडतो, बोटांनीच मोजा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडीचा हिशेब सोडा. वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग धरा.

हाच दाब छातीवरही येतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यात श्वास घ्यायचे कष्ट साधारण ६० टक्क्यांनी वाढतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी बेंबीइतक्या पाण्यातच राहावं. जोर लावताना श्वास सोडा. आणि पाण्याखाली श्वास रोखून धरायच्या पैजा तरुण पोरांनीही लावू नयेत. शुद्ध हरपते ती आधी न सांगता.

लघवी, तहान आणि क्लोरीनचा वास

पाण्यात गेलं की लगेच लघवीला का होतं? छातीत रक्त वाढलं की शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढू लागतात. त्यात घाम येतो तो दिसत नाही, अंग ओलं असल्याने तहान कळत नाही. उतरण्याआधी ग्लासभर पाणी प्या, बाटली काठावर ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. आधी स्वच्छतागृहात जा, मग साबण लावून शॉवर घ्या, आणि मधे लागली तर बाहेर या.

हा निव्वळ शिष्टाचार नाही. डोळे चुरचुरवणारा उग्र 'क्लोरीनचा वास' बहुधा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीन मिळून जी संयुगं बनतात त्यांचा असतो. दम्याच्या माणसाला तीच त्रास देतात. मोकळा, म्हणजे अजून कशाशी न मिळालेला, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा; टँकच्या कर्मचाऱ्याकडे त्याची नोंद असते, विचारायला संकोच नको. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी उतरूच नका.

थंडीतली पहाट

नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली पहाट कित्येकदा १० अंशांखाली जाते, आणि गरम न केलेला उघडा टँक त्याच हवेत रात्रभर पडलेला असतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढतं. चालण्याच्या व्यायामाला २८ ते ३० अंश ठीक. संधिवात असेल तर ३१-३३ बरं. २६ च्या खाली दुखरे सांधे आखडतात आणि रक्तदाब चढतो. थंडीत बॅच दुपारची घ्या, किंवा गरम पाण्याचा टँक शोधा. उडी मारून उतरू नका, गार पाण्याने श्वास एकदम अडकतो. शिडीने, अंगावर पाणी घेत उतरा. सुती टी-शर्ट आणि सलवार भिजून जड होते आणि पायात गुंतते. नायलॉनचा पूर्ण अंगाचा कॉश्च्युम मिळतो, तो घ्या.

नदी आणि धरणाचं पाणी या व्यायामाला नाही. तळ दिसत नाही, शेवाळ असतं, आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की पातळी चढते.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदय कमजोर असेल किंवा अलीकडे झटका आला असेल तर छातीत येणारं ते जास्तीचं रक्त झेपेलच असं नाही. परवानगीशिवाय उतरू नये. फिट येणाऱ्यांनी एकटं जाऊ नये. उघडी जखम, ताप, जुलाब असताना टँक बंद.

मधुमेहींना पाण्यात एक खास धोका आहे: साखर घसरल्यावर सुटणारा घाम ओल्या अंगावर कळत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उतरण्याआधी साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर केळं खाऊन पंधरा मिनिटं थांबा. पायात रबरी तळाचे वॉटर शूज हवेत, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून बघा. लेन्स काढूनच उतरा. कानात पाणी गेलं तर मान तिरकी करून टॉवेलने पुसा, काडी घालू नका.

बाहेर येतानाची घाई

घेरी येते ती बहुधा शिडीवर. पाण्याचा दाब एकदम सुटतो, रक्त पायांकडे धावतं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. कमरेइतक्या पाण्यात दोन मिनिटं उभे राहा, मग शिडीकडे तोंड करून एकेक पायरी चढा, काठावर बसा, पाणी प्या. अंगाचं सगळं वजन एका क्षणात परत आलेलं असतं. गुडघा लटपटतो तो इथेच, आणि खाली ओल्या फरशा.

पाण्यात पूर्ण वजन पेलावं लागत नाही, म्हणून हाडं ठिसूळ झालेल्यांना एकटा टँक पुरत नाही. उरलेल्या दिवसांतले दोन-तीन दिवस झेपेल तेवढं, अर्ध्या तासापर्यंत, गोल्फ क्लबच्या किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर चाला.

वजन उतरवायला आलेल्यांची गाडी मात्र बाहेर आल्यावर अडते. गार पाण्यातून निघाल्यावर भूक कडकडून लागते, आणि सकाळी टँकवरून घरी जायच्या रस्त्यात मिसळीची चार दुकानं लागतात. तर्री, दोन पाव, वर पापड. पिशवीत मूठभर चणे किंवा उकडलेलं अंडं ठेवा आणि कपडे बदलल्यावर तिथेच, बाकावर बसून खा.