मुंबई-पुणे प्रवासात रेडिओ शोधायची कटकट नको

घाट ओलांडला की पुण्यातली स्टेशनं खरखरायला लागतात आणि गाडी चालवताना बटणं दाबत बसावं लागतं. हे धोक्याचं आहे. माझ्यासारखा सहा बटणांचा स्टिरिओ असेल तर एकदाच दहा मिनिटं द्या.

१. एफएम१ वर (एफएम१, एफएम२ हे स्टिरिओतले स्टेशनं साठवायचे वेगवेगळे गट) फक्त पुणे: १०१ लावा, १ नंबरचं बटण 'बीप' होईपर्यंत दाबून धरा.
२. मुंबईत पोचल्यावर, गाडी उभी करून, एफएम२ वर मुंबई: १००.७, १०७.१.

९८.३ दोन्हीकडे आहे, एकदाच ठेवा.

'एएस' (स्टेशनं आपोआप शोधून साठवणारं) बटण मात्र चुकूनही दाबून धरू नका, जतन केलेली स्टेशनं पुसून नवीन भरली जातात. गाडीची बॅटरी काढली की ही स्टेशनं पुसली जाऊ शकतात, म्हणून त्याआधी यादीचा फोटो काढून ठेवा.