रोजच्या जगण्याचे फोटो काढताय? या चुका टाळा

मराठवाड्याचा फोटो म्हटलं की भेगाळलेली जमीन, डोक्यावर घागरी घेतलेली बाई आणि सुरकुतलेले आजोबा, हे ठरलेलंच. दुष्काळ खोटा नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण त्या उन्हाळ्यातही लोकांनी लग्नं लावली, पोरांचे निकाल ऐकले, बाजार केले. आधी फोटो ठरवायचा आणि मग त्यात बसेल असं माणूस शोधायचं, ही पहिली चूक. सगळ्यांचे फोटो सारखे दिसतात ते यामुळेच.

दुसरी चूक याहून मोठी: एकदाच जाणं. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते वर्षानुवर्षं त्यांच्यात वावरून. गौरी गिल १९९९पासून राजस्थानातल्या त्याच वाळवंटी गावांत पुन्हा पुन्हा जात राहिल्या. कणकवलीचे इंद्रजित खांबे तर आपल्याच सिंधुदुर्गातली माणसं, दशावतारी कलावंत टिपत आले आहेत. आपल्याकडेही ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पहिल्या दिवशी गेलात की सगळे कोयता हातात धरून ताठ उभे राहतात. काढा तो फोटो, त्यांना तो हवा असतो. चार वेळा जाऊन आलात की कुणी लक्ष देत नाही. मग दिसतं, की बाई उसाच्याच पानांना पीळ देऊन बांधायला दोर करते, गुडघा रेटून मोळी आवळते आणि उठताना नजर मात्र पाचटावर झोपवलेल्या लेकराकडे असते. असे हलते हात पुसट येत असतील तर शटर १/५०० सेकंद ठेवा, पहाटेचा उजेड कमी असला तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) बेलाशक वाढवा. फोटोत थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो सहसा वाया जातो.

न विचारता लांबून, चोरून काढू नका. गिल यांनी २००३ मध्ये राजस्थानातल्या लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात फोटोसाठी एक तंबूच उभारला होता. कसं उभं राहायचं, सोबत कोण हवं, हे मुलींनीच ठरवलं. आठवडी बाजारात हे सहज जमतं. नुसतं ‘मावशी, तुम्हाला कसा पाहिजे फोटो?’ विचारून बघा.

आता उन्हाचं. आपल्याकडे दुपारी टोपीखालचा चेहरा काळाठिक्कर येतो आणि धोतर पांढरंफटक. चेहरा उजळायला गेलात की धोतराची एकही चुणी उरत नाही. माणसाला दाराच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत घ्या आणि एक्स्पोजर पांढऱ्या कपड्यावर लावा. मोबाईलवर कपड्यावर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढलं की झालं. निळ्या ताडपत्रीच्या पालाखाली चेहरे निळे पडतात. ते नंतर सुधारत बसण्यापेक्षा माणसाला पालाच्या कडेला बोलवा.

फोटो जमला नाही की तो कृष्णधवल करून टाकायची सवय सोडा. ओलवे यांचं सफाई कामगारांचं काम कृष्णधवल आहे, पण ती विचारपूर्वक केलेली निवड आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून भंडाऱ्याचा पिवळा काढून टाकला तर उरणार काय?

शेवटची चूक फोटोखालच्या ओळींची. ‘एक कष्टकरी महिला’ असं लिहून तुम्ही त्या बाईचं नावच पुसता. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावरचे लेख पाहा: माणसाचं नाव, गाव, काम, सगळं असतं. तुम्हीही तसंच लिहा, पण विचारून. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची असेल आणि बाई त्याच्याविषयी काही बोलली असेल, तर नाव, गाव आणि चेहरा तिन्ही बाहेर ठेवा. मागच्या ट्रॅक्टरचा नंबरसुद्धा दिसता कामा नये, कारण टोळी त्यावरूनही ओळखू येते.