तिसऱ्या पोरीला काय मिळतं आणि काय नाही: बेळगावकडच्या आईबापांनी फॉर्म कसा भरायचा

आधी एक वही घ्या आणि पोरांची नावं जन्माच्या क्रमानं लिहा. समोर जन्मतारीख, मुलगा का मुलगी, बाळंतपण कुठं झालं, दाखला कुठल्या गावचा. जुळी असली तर दोन नावांना एकच कंस करा. हे झाल्याशिवाय अंगणवाडीला जाऊ नका की माझ्यासारख्या ऑनलाइनवाल्याकडंही येऊ नका, कारण 'आमाला तीन मुलं हायत, काय मिळतं बघा की' या प्रश्नाला उत्तरच नाही. प्रत्येक योजना वेगळं मोजते. कोण मुली मोजतं, कोण बाळंतपणं मोजतं, कोण जिवंत मुलं मोजतं, कोण नुसती तोंडं मोजतं आणि कोण काहीच मोजत नाही. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे, खानापूर रोडला. दिवसाला चार-पाच बायका तरी हेच घेऊन येतात, साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात तायी कार्ड (दवाखान्यातलं गरोदरपणाचं कार्ड), आधार, पासबुक आणि मध्येच गॅसची पावती.

पहिलं मातृवंदना, म्हणजे बाळंतपणाला आईला पैसे देणारी योजना. ही केंद्राची, २०१७ पासूनची. पहिल्या मुलाला ५००० रुपये, मग मुलगा असो का मुलगी. दुसऱ्याला ६०००, पण दुसरी मुलगी असली तरच, हे १ एप्रिल २०२२ नंतरच्या जन्मांना. दुसरा मुलगा झाला तर काही नाही आणि तिसऱ्याला तर प्रश्नच नाही. दुसऱ्या मुलीचा अर्ज जन्मापासून २७० दिवसांच्या आत जायला पाहिजे, म्हणजे नऊ महिने, आणि इथंच लोक चुकतात, बारसं होतं, आई माहेराहून परत येते, मग दिवाळी, मग 'बघू की' करत करत तारीख निघून जाते.

भाग्यलक्ष्मी राज्याची, म्हणजे कर्नाटकची. ही मुली मोजते, बीपीएल घरातल्या दोन मुलींपर्यंत. आता ती पोस्टातल्या सुकन्या खात्याला, म्हणजे मुलीच्या नावाच्या बचत खात्याला, जोडलेली आहे, सरकार वर्षाला ३००० असं १५ वर्षं भरतं, म्हणजे ४५,००० आणि २१ वर्षांनी व्याजासकट सव्वा लाखाच्या आसपास हातात येतात. २००६ साली सुरू झाली तेव्हा एलआयसीचा बाँड मिळायचा. ऑगस्ट २००८ नंतर जन्मलेल्या पहिल्या मुलीच्या नावावर सरकार १९,३०० भरायचं आणि १८ व्या वर्षी लाखभर यायचे. तो बाँड घरात कुठंतरी ट्रंकेत पडलेला असतो, हुडका. मुलगी १८ झाली की मागायचा तो, पण अट अशी की १८ च्या आत लग्न झालेलं नसावं आणि शाळा निदान आठवीपर्यंत झालेली असावी. शाळेचा दाखला आधीच काढून ठेवा.

आता वहीकडं बघा. समजा मुलगी, मुलगा, मुलगी असा क्रम आहे. मातृवंदना पहिल्या मुलीला मिळाली, मुलाला नाही, तिसऱ्या मुलीलाही नाही कारण ती तिसरी. पण भाग्यलक्ष्मीत हीच पोर तुमची दुसरी मुलगी आहे. 'तिसरं हाय, मिळत नाही' असं कोण म्हणालं तर गप घरी येऊ नका, दुसरी मुलगी म्हणून विचारा. योजना सुरू झाली तेव्हा एकूण मुलं तिनापेक्षा जास्त नकोत आणि आईबापांपैकी एकाचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असावं अशी अट होती, म्हणून ऑपरेशनचं सर्टिफिकेट असलं तर सोबत न्या, नाहीतर त्या कागदासाठी परत दवाखान्याची फेरी होते.

आणि क्रम मुलगी, मुलगी, मुलगी असला तर तिसरीला दोन्हीकडं नाही. हे सांगताना मला अजून जड जातं. गेल्या पावसाळ्यात एक अक्का आली, तिसरी पोर कडेवर, दोघी थोरल्या दारात छत्रीशी खेळत होत्या. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, हिला नणंदेच्या नावावर दाखवली तर? नणंदेला एकच मुलगा. मी नको म्हणालो आणि तुम्हालाही तेच सांगतो. जन्मदाखल्यावर आईचं नाव एकदा बदललं की शाळा, आधार, जातीचा दाखला, उद्या शेताच्या उताऱ्यावर वारस लावताना, सगळीकडं ती पोर परक्या घरची होते. सव्वा लाखासाठी हे करू नका. ती बाई काही बोलली नाही, तिन्ही पोरींची आधार झेरॉक्स घेतली आणि गेली.

स्वतःच्या पैशानं सुकन्या उघडणार असाल तर तिथंही दोन मुलींचीच मर्यादा. वर्षाला कमीत कमी २५०, जास्तीत जास्त दीड लाख, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत. जुळ्यांची सवलत आहे पण तिला गाठ आहे: पहिली एकच मुलगी आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळ्या मुली झाल्या तर तिघींची खाती निघतात, पण पहिल्याच वेळी जुळ्या मुली आणि नंतर एक झाली तर त्या शेवटच्या पोरीचं निघत नाही. म्हणून म्हटलं जुळ्यांना कंस करा. पोस्टात ॲफिडेविट आणि सगळ्या मुलींचे जन्मदाखले लागतात.

बांधकामाचं लेबर कार्ड बाईच्या नावावर असलं तर बाळंतपणाची मदत पहिल्या दोन मुलांना. नोकरीवाल्या बायकांना रजा, २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोघांना २६ आठवडे आणि आधीच दोन जिवंत मुलं असतील तर १२. म्हणजे तिसऱ्या वेळी रजा कमी होते, बंद होत नाही. खाजगी शाळा, फॅक्टरी, कुठंही 'तिसऱ्याला रजाच नाही' म्हणाले तर कायद्याचं नाव लिहून अर्ज द्या, कोड ऑन सोशल सिक्युरिटी २०२०; आधी हे मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट १९६१ मध्ये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी हा कोड आला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेच्या केसमध्येही सांगितलं की दोन मुलांचं धोरण आणि बाळंतपणाची रजा एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता न मोजणाऱ्या योजना, आणि खरं सांगायचं तर रोजचं पोट याच्यावर चालतं. अंगणवाडीचा आहार सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, कितवं ते कोण विचारत नाही. गरोदर आणि बाळंतिणीलाही, मातृपूर्णचं गरम जेवण चौथ्या वेळीही मिळतं. शाळेतलं जेवण, दूध, अंडं, लसी, सगळं तसंच. रेशन तोंडं मोजतं, बीपीएलला केंद्राचं माणशी ५ किलो आणि वर राज्याचं. अंत्योदय मात्र घर मोजतं, केंद्राचा हिशोब घराला ३५ किलो, म्हणजे घरात सातापेक्षा जास्त माणसं झाली की माणशी ५ सुद्धा पडत नाहीत. गृहलक्ष्मीचे महिन्याचे २००० पण घरातल्या एकाच बाईला, पोरं एक असू देत का सहा.

म्हणून तिसरं मूल झालं की पहिलं काम पैशाच्या योजनेमागं धावायचं नाही, रेशन कार्डावर नाव चढवायचं. दुरुस्तीची विंडो अधूनमधूनच उघडते, ती उघडली की दुकानात रांग आणि सर्व्हर झोपलेला. जन्मदाखला तयार असेल त्याचं नाव चढतं, बाकीचे पुढच्या वेळेला.

आपल्या भागातली खरी अडचण वेगळीच आहे, आणि बेंगळूरला बसून नियम करणाऱ्याला ती कळायची नाही. सून चंदगड, गडहिंग्लजची, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जन्माची नोंद महाराष्ट्रात. आधारवर माहेरचं नाव आणि माहेरचा पत्ता. रेशनला नाव अजून भावाच्या कार्डावर. मग इकडं अर्ज टाकला की अडकतो. म्हणून लग्नानंतर वर्षभरात, पोर व्हायच्या आधी, हे तीन उरका: तिकडच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, आधारचा पत्ता, आणि बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारला लिंक. नुसतं पासबुक असून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, बँकेत वेगळं मॅपिंग करून घ्यावं लागतं, नाहीतर 'पेमेंट सक्सेस' दिसतं आणि पैसे दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या खात्यात. बाळाचा दाखला महाराष्ट्रातला असला तर भाग्यलक्ष्मीचा अर्ज टाकायच्या आधीच अंगणवाडी सुपरवायझरला दाखवून घ्या.

आणि दोन्हीकडं हात मारायचा विचार करू नका. तिकडं लेक लाडकी आहे, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना, पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना, टप्प्याटप्प्यानं एकूण १,०१,०००, त्यातले ७५,००० अठराव्या वर्षी. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. 'आमी ८६५ गावातले', म्हणजे महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या गावांतले, 'आमाला पण द्या की' असं म्हणणारे आहेत आणि आरोग्य योजना त्या गावांना लागू केलीही होती, पण लेक लाडकीला तिकडचंच रेशन कार्ड लागतं, ते इकडं कुठनं आणणार.

नावाचं स्पेलिंग हा स्वतंत्र त्रास. माझी थोरली ज्ञानेश्वरी. आजोळच्या दवाखान्यात डी-एन-वाय घालून लिहिलं, इकडं एका ऑफिसात कन्नडवरून इंग्रजी करताना जे-एन झालं, आणि कॉम्प्युटरच्या मते या दोन वेगळ्या पोरी. तीन फेऱ्या झाल्या. धाकटीच्या वेळी तर दाखल्यावर नावच घातलं नव्हतं, आजीला नाव पसंत पडेना, आणि तेवढ्यात मातृवंदनेची तारीख गेली. दुसऱ्यांचे फॉर्म भरणाऱ्याच्या घरात ६००० बुडाले, बायको अजून काढते ते. तेव्हा जन्माची नोंद २१ दिवसांत, नाव १२ महिन्यांच्या आत फुकट घालता येतं पण तेवढं थांबू नका, आणि इंग्रजी स्पेलिंग आईबापांनी स्वतः कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका.

फॉर्म कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी कुणाकडनं तरी 'एकूण जिवंत मुलं' आणि 'कितवं अपत्य' हे दोन रकाने वाचून घ्या, बहुतेक नाकारलेले अर्ज इथंच चुकलेले असतात, गेलेलं मूल धरलेलं असतं किंवा पहिल्या बायकोचं मूल सोडलेलं असतं. अर्ज 'सकाल'खाली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम करून देण्याच्या राज्याच्या कायद्याखाली, येत असला तर पावतीवर १५ आकडी नंबर असतो, तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि तक्रार मराठीत लिहून द्यायला काही हरकत नाही, घटनेचं कलम ३५० सांगतं की राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. वर कलम लिहा, एक कॉपी शिक्का मारून घ्या. उत्तर कन्नडमध्ये येईल, येऊ दे.

दुकानात यावरनं वाद रोज होतो. एक काका आहेत, रिटायर, ते म्हणतात आम्ही दोघांवर थांबलो, मग आमच्या टॅक्समधनं तिसऱ्याला कशाला. त्यांचं अगदीच चूक म्हणता येत नाही, बाँडसारख्या बक्षिसाला मर्यादा घातली तर मी समजू शकतो. पण लोकसंख्या आवरायला म्हणून हे चाललंय म्हणाल तर २०१९-२१ च्या आरोग्य सर्व्हेत कर्नाटकात बाईमागं मुलांची सरासरी १.७ आली, महाराष्ट्रातही १.७ च. दोनाच्या खाली गेलोय आपण. ब्रिटननं एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाची मदत तोडली होती, कमी पगाराच्या घरांतली, आणि नोव्हेंबर २०२५ च्या बजेटात ती अट एप्रिल २०२६ पासून काढायचं जाहीर केलं. त्यांना जे कळायला आठ वर्षं लागली ते इथल्या अंगणवाडीतल्या बाईला रोज दिसतं. पोरगा पाहिजे म्हणून तिसऱ्यांदा वाट बघणारं घर, आणि मुलगी झाली. चूक घराची धरायची तर धरा, पण कापलं कुणाचं जातं? काका यावर चहा पितात, उत्तर देत नाहीत.

जायचंच असेल तर सोमवारी नको, सोमवारी सगळे येतात. अंगणवाडीत सकाळी पोरांचं जेवण व्हायच्या आधी जा, नंतर ताई रजिस्टर भरत बसतात. वही सोबत घ्या. आणि झेरॉक्स प्रत्येकाची तीन तीन काढा, दोन पुरत नाहीत.