हा दगड कशासाठी कोरला असेल? गद्धेगाळ आणि इतर अबोल शिळांविषयीचे तर्क तपासण्याची रीत

ठाण्याच्या परिसरातील जुन्या गावठाणांतून फिरताना गावदेवीच्या चौथऱ्यालगत, तळ्याच्या काठी किंवा वडाच्या पाराशी शेंदूर फासलेली एखादी उभी शिळा दिसते आणि तिच्याविषयी चार माणसांना विचारले तर चार उत्तरे मिळतात. एक जण तिला देवी म्हणतो, दुसऱ्याला तिच्याखाली धन पुरल्याची खात्री असते, तिसरा तिला गावाच्या शिवेचा दगड ठरवतो आणि चौथा तिच्याकडे पाहूसुद्धा नये असे बजावतो. अशा उत्तरांपैकी एखादे लगेच उचलून धरण्यापेक्षा ती तपासावी कशी, हे येथे सांगायचे आहे. आरंभ गद्धेगाळापासून, म्हणजे गाढव व स्त्री यांचे शिल्प कोरलेल्या शिळेपासून, करणे सोयीचे आहे, कारण उत्तर कोकणच्या शिलाहार राजवंशाचे श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे, आणि त्यांच्या काळातील काही गद्धेगाळ आपल्यावरील लेखातून हेतूविषयी स्वतःच बोलतात. बोलक्या दगडावर नजर तयार झाली की मग अबोल दगडाकडे वळावे.

शिळेजवळ गेल्यावर प्रथम काहीही पुसू, खरवडू किंवा धुऊ नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पीठ चोळण्याची सवय फार पसरली आहे. ती घातक तर आहेच, शिवाय चोळणाऱ्याला जे अक्षर हवे असते तेच दिसू लागते. त्याऐवजी सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके पडत असताना जावे, अथवा अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून एकेका बाजूने प्रकाश टाकावा. दुपारी सपाट दिसणारा दगड अशा वेळी ओळीच्या ओळी दाखवतो. छायाचित्रात मोजपट्टी असावी, आणि मागची बाजू, दोन्ही कडा व जमिनीत गेलेला भाग यांचीही चित्रे घ्यावीत, कारण पुढे सगळा वाद त्यांच्यावरच येऊन थांबतो.

गद्धेगाळाची मांडणी साधारणतः ठरलेली असते. माथ्याशी सूर्य, चंद्र आणि बहुधा कलश, मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे ते शिल्प, जे पाहून अनेक जण मान वळवतात. येथे एक सावधगिरी हवी. सूर्यचंद्र वीरगळावरही, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेवरही, असतात आणि सतीशिळेवरही असतात. ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, टिको, एवढेच ते सांगतात. म्हणून सूर्यचंद्रावरून दगडाचा प्रकार ओळखता येत नाही. जे चिन्ह सगळीकडे सापडते ते कोणत्याही एका तर्काचा पुरावा होऊ शकत नाही, हा नियम या विषयात वारंवार उपयोगी पडतो.

आता तर्क पाहू. पहिला तर्क असा की हा शाप आहे: दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होवो. दुसरा तर्क गाढवाच्या नांगराचा आहे. शत्रूचे गाव उजाड करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवण्याची कल्पना जुनी आहे. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात पिथुंड नगरावर असा नांगर फिरवल्याचा उल्लेख आहे आणि आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवल्याची परंपरा आपल्याला ठाऊकच आहे. त्यामुळे शिल्पातील स्त्री म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे तिचे वांझपण, असे काही अभ्यासक मानतात. तिसऱ्या तर्कानुसार हे सुफलतेचे, मातृपूजेचे प्रतीक आहे, आणि चौथ्यानुसार तो केवळ सीमादगड आहे.

या चारही तर्कांना एकच प्रश्न विचारावा: हा तर्क खरा असेल तर दगडावर काय आढळले पाहिजे, आणि काय आढळता कामा नये? मुंबईतील परळचा, शिलाहार राजा अपरादित्याचा लेख शके ११०८ चा, म्हणजे इ.स. ११८७ च्या सुमाराचा आहे. त्याचा मुख्य भाग संस्कृतात आहे, परंतु जो कोणी हे शासन लोपील त्याच्यावरचा शाप तेवढा मराठीत आहे आणि त्यात ‘माय’ आणि ‘गाढव’ हे दोन्ही शब्द उघड येतात. भाषा नेमकी तेथेच का बदलली असावी? माझ्या मते ज्याला भीती घालायची त्याला ती समजली पाहिजे म्हणून. ताम्रपटांवर हेच काम ‘स्वदत्तां परदत्तां वा’ हा श्लोक करतो, ज्यात भूमी हरण करणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होतो; परंतु ताम्रपट पेटीत राहतो आणि शिळा उघड्यावर उभी राहते, तेव्हा अक्षरशत्रूलाही कळेल असे चित्र तिला हवेच. या लेखाने सुफलतेचा तर्क जवळपास निकाली निघतो. नांगराचा तर्क मात्र पूर्ण पडत नाही. शापाला ही प्रतिमा सुचली कोठून, याचे उत्तर तो देऊ शकतो.

येथेच बहुतेकांची गफलत होते. ज्यांना आपण परस्परविरोधी तर्क समजतो ते पुष्कळदा निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. दगड का उभारला, तर दानासाठी. त्यावर काय म्हटले आहे, तर शाप. कोठे उभारला, तर कदाचित दान दिलेल्या जमिनीच्या कडेला. आज लोक त्याचे काय करतात, तर पूजा. भिवंडीजवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा दानलेख आहे. तशा शिळेसमोर आज कोणी नारळ फोडला तर त्यामुळे तेराव्या शतकातले दान खोटे ठरत नाही आणि नारळ फोडणाराही चुकत नाही. टिपण करताना ही चार उत्तरे चार वेगळ्या ओळींत लिहावीत, म्हणजे निम्मा वाद आपोआप मिटतो.

नावावरही विसंबू नये. ‘गद्धेगाळ’ म्हटले की गाळ म्हणजे शिवी, असा अर्थ लागतो. ‘गद्धेगळ’ म्हटले की वीरगळाप्रमाणे कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड, हा अर्थ पुढे येतो. दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत, पण नाव दगडाला नंतर पडलेले असते.

सीमादगडाचा तर्क तपासायचा तर शिळा मूळ जागी आहे का, हे आधी पाहावे लागते. खालचा भाग ओबडधोबड ठेवून मातीत गाडलेला असेल तर ती निदान गाडण्यासाठी घडवली हे कळते. सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलेली असेल, तर गावातील वृद्धांना ती कोठून आणली हे विचारावे. रस्तारुंदीत आणि तळ्याच्या सुशोभीकरणात असे दगड सहज हलतात, आणि हललेल्या दगडाची आजची जागा कोणत्याच तर्काच्या बाजूने साक्ष देत नाही.

लेख नसलेल्या वस्तूंकडे वळताना पहिला संशय नेहमी घरगुती वापराचा घ्यावा. उखळ, जाते, घाण्याचा दगड, गुरांची डोण, दाराच्या खालच्या खुंटाचा खळगा असलेला दगड, या सगळ्या गोष्टी शहरात वाढलेल्या डोळ्याला गूढ वाटतात. खाडीकाठच्या एका गावात मला भोक पाडलेला लांबट दगड दिसला आणि तो जहाजाचा दगडी नांगरच, असे मी दोन महिने मित्रांना सांगत होतो. पश्चिम किनाऱ्यावर असे नांगर खरोखर मिळतात. त्यांच्या एका प्रकारात वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक आणि खालच्या बाजूला लाकडी फाळ अडकवण्यासाठी चौकोनी भोके असतात. माझ्या दगडाला चौकोनी भोक नव्हतेच, आणि ते आहे की नाही हे मी तपासलेही नव्हते. शेवटी तेथील एका आगरी आजोबांनी शांतपणे सांगितले, “अरे, ही आमच्या गोठ्यातली दावण.” भोकाच्या कडेला दाव्याने पडलेली घासही त्यांनीच दाखवली.

उपयोगाचा तर्क मोजून पाहता येतो, हे त्याचे मोठे सुख आहे. स्कॉटलंडमध्ये नवाश्मयुगातील कोरीव दगडी गोळे चारशेहून अधिक मिळाले आहेत, बहुतेक सुमारे सात सेंटिमीटर व्यासाचे, अनेकांवर सहा गुटगुटीत उंचवटे. ती वजने असावीत, अशी एक कल्पना होती. ती खरी असती तर गोळ्यांची वजने एखाद्या मापाच्या पटीत आली असती. तशी ती येत नाहीत. हत्यार, खेळ, मानचिन्ह हे तर्क मात्र अजून उभे आहेत, कारण पुष्कळसे गोळे नेमके कोणत्या थरात आणि कशासोबत होते याची नोंदच राहिलेली नाही. रत्नागिरीच्या सड्यावरील कातळशिल्पांची अडचण उलटी आहे: ती जागची हललेली नाहीत, पण उघड्या जांभ्यावर असल्याने त्यांच्यावर मातीचा थर नाही आणि काळ ठरवणे अवघड होते. देवाचे गोठणे येथे शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मात्र खडकातील चुंबकत्व हा खडकाचा गुण आहे, कोरणाऱ्याने ती जागा त्यासाठीच निवडली हे वेगळे सिद्ध करावे लागते.

कधी हेतू पक्का असतो आणि प्रसंग वादाचा असतो. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ, ज्यांचे वर्णन १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे, वीरांच्या स्मरणार्थच उभारले याविषयी शंका नाही. त्यांवरील नौकायुद्ध देवगिरीचा यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातले, म्हणजे १२६५ च्या सुमाराचे, की त्याआधीचे, यावर मतभेद आहेत. अशा वेळी टिपणात हेतूपुढे ‘निश्चित’ आणि प्रसंगापुढे ‘विवाद्य’ असे स्वतंत्रपणे लिहावे.

लेख वाचता आला नाही तर अंदाजाने अक्षरे भरू नयेत. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख एकत्र संपादित केले आहेत. आपल्या शिळेचे वाचन त्यात आधीच आहे का, ते पाहावे, आणि लेखाचा कागदावर ठसा घेण्याचे काम जाणकारावर सोडावे. शिळा नव्याने उघडी पडली असेल तर ती घरी, सोसायटीच्या बागेत किंवा मंडळाच्या कार्यालयात नेऊ नये. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येते आणि जमिनीत दडलेला ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तहसीलदार कार्यालयाला व राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी पत्र द्यावे, सोबत मोजपट्टीसह घेतलेली छायाचित्रे, जागेचा गट क्रमांक आणि दगडाचे तोंड कोणत्या दिशेला होते ही माहिती जोडावी, आणि पत्राची पोच मागून घ्यावी.